बुवाच्या पाठीवरचं काळं पीस

कोंबड्या पाळणाऱ्यांकडे एकवेळ अंडी कमी पडतील, किस्से नाही. मी बँकेत काउंटरवर बसते. तिथे सांगण्यासारखं वर्षातून एखादं घडतं. कोंबड्यांच्या नादाला लागले आणि दर रविवारी एखादा किस्सा पदरात पडायला लागला. अडचण एवढीच की ऐकायला माणूस मिळत नाही. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, "कोंबड्यांचं असेल तर जेवणानंतर सांग" म्हणतो आणि जेवणानंतर झोपतो. म्हणून तुम्हाला सांगते. मला एका जागी बसून बोलता येत नाही, मध्येच उठले तर राग मानू नका.

*

आमचा कंपू तिघांचा. सुकापूरचे हरिभाऊ, ज्यांच्या अंगणात आजोबांच्या काळापासून असील जातीचे कोंबडे आहेत. पनवेलला पशुखाद्याचं दुकान चालवणारे इरफानभाई, ते मऊ झुबकेदार पिसांच्या सिल्की कोंबड्यांचे वेडे. आणि मी, लाइट ब्रामा जातीच्या एका कोंबड्याची मालकीण. थोराड पांढरं अंग, पायांवर झग्यासारखी पिसं, सावकाश चाल. म्हणून त्याचं नाव बुवा.

तिघांनाही कोंबड्यांच्या शोमध्ये, म्हणजे प्रदर्शनातल्या स्पर्धेत, उतरायचं होतं. पण शोमध्ये नुसता देखणा कोंबडा चालत नाही. प्रत्येक जातीचं स्टँडर्ड असतं. तुरा कसा हवा, शेपूट किती उचललेली हवी, डोळ्यांचा रंग कोणता, सगळं ठरलेलं, आणि सगळं इंग्रजीत. मी ते रविवारी हरिभाऊंच्या अंगणात मराठीत वाचून दाखवायचे. श्रीकांत मला सोडायला यायचा आणि बाहेर गाडीतच मोबाइल बघत बसायचा. त्याला वासाने डोकं दुखतं.

पहिल्या रविवारी असीलचं स्टँडर्ड वाचलं. मान अशी, छाती अशी, उभं राहणं असं. हरिभाऊंनी शेवटपर्यंत मान डोलावत ऐकलं. मग समोरच्या आपल्या लाडक्या कोंबड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आता ह्याला वाचून दाखवा. माज्याकडून तो काय सुदरायचा नाय."

*

सिल्कीचं सगळ्यात मोठं लक्षण म्हणजे पायाला पाच बोटं. बाकीच्या कोंबड्यांना चार. हे कळलं आणि इरफानभाईंनी मोबाइलवर व्हिडिओ बघून सिल्कीची जोडी मागवली. व्हिडिओत दोघी गवतात उभ्या होत्या. कापसाच्या गोळ्यांसारख्या दिसत होत्या, पाय काही दिसत नव्हते.

खोकं आलं, आम्ही तिघांनी मिळून उघडलं. एकीच्या पायाला चार बोटं आणि दुसरीच्या पायाला सहा! इरफानभाईंनी तिथल्या तिथे विकणाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. त्या माणसाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाई, जोडी ली है ना आपने? तो जोडी का मिलाके गिनो. हिसाब बराबर है."

*

स्टँडर्ड पाठ झालं की नजर बिघडते, हे मात्र कोणी आधी सांगत नाही. पूर्वी मी रस्त्याने जाताना कोंबडी दिसली तर कोंबडी म्हणून बघायचे. आता मला वाकडी शेपूट दिसते. शिरढोणला एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो, तर मी अर्ध्या पानावरून उठून त्यांच्या गावठी कोंबड्याचा तुरा तपासायला परसात गेले. श्रीकांतने माझी बाजू सावरायला सांगितलं की हिला मधुमेह आहे, मध्ये मध्ये चालावं लागतं. मला मधुमेह नाही.

त्याच महिन्यात पुतणीला बघायला एक मुलगा आला. पोहे झाले, पाहुणे गेले आणि जाऊबाईंनी सगळ्यांना विचारलं, कसा वाटला? मी खिडकीपाशी फेऱ्या मारत होते. तोंडातून निघून गेलं, "छाती भरलेली आहे, पाय सरळ आहेत, पण मान आखूड."

पुतणीचं लग्न त्याच्याशीच झालं. तिने त्याला माझं वाक्य सांगितलेलं दिसतंय, कारण जावई अजून मला भेटले की मान ताणून उभे राहतात.

*

शोच्या कोंबड्याला परक्या हातांची सवय असावी लागते. परीक्षक त्याला पिंजऱ्यातून काढतात, पंख उघडतात, उलटासुलटा करून बघतात. त्याने चोच मारली की संपलं. मग परके हात आणायचे कुठून? दारात जो येईल त्याच्या हातात मी बुवा द्यायला लागले. कुरिअरवाला, इस्त्रीवाला, सोसायटीचे सेक्रेटरी. सेक्रेटरी खरं तर बुवाच्या आरवण्याची तक्रार घेऊन आले होते. त्यांच्याकडून दोन्ही पंख उघडून घेतले. बुवा गप्प राहिला, सेक्रेटरीही गप्प राहिले आणि तक्रार तशीच घेऊन परत गेले.

पाण्याच्या फिल्टरवाला मुलगा मात्र हुशार. तो हल्ली गेटवरूनच विचारतो, "मॅडम, फक्त फिल्टर आहे ना?"

*

शो आठवड्यावर आला आणि बुवाच्या पाठीवर मला एक काळं पीस दिसलं.

लाइट ब्रामाच्या मानेच्या पिसांत काळी रेघ हवी, शेपूट काळी हवी, पण पाठ पांढरीशुभ्र. माझ्या बुवाच्या पाठीच्या मधोमध हे एवढंसं काळं पीस! मी त्याला तसाच काखोटीला मारून सुकापूरला गेले. इरफानभाई म्हणाले, खेच लो, कोण बघतंय. हरिभाऊ त्यांच्यावर उखडले.

"पीस ऱ्हायलं तर एकदोन मार्क जातील," ते मला म्हणाले. "उपटलेलं सापडलं तर ती फसवनूक. कोंबडा सरल भाईर. हात लावायचा नाय."

मी हात लावला नाही. पण चैनही पडेना. चहा ठेवायचे, उतू जायचा, मी पिंजऱ्यापाशी. घास तोंडात, मी पिंजऱ्यापाशी. बँकेत एका आजोबांचं पासबुक दुसऱ्याच माणसाच्या हातात दिलं. मला शोमधला पहिल्या नंबरचा कप हवा होता, त्यात लाजायचं काय? अंड्यातून बाहेर आल्यापासून ह्या कोंबड्याला मी हातावर वाढवलंय. आयुष्यात एवढ्या हौसेने मी दुसरं काही केलेलं नाही. श्रीकांत म्हणाला, अगं, एका पिसासाठी एवढं? त्यावर मी त्याला इतकं बोलले की तो पुढे दोन दिवस माझ्याशी फक्त मीठ आणि किल्ली एवढ्यापुरतं बोलत होता. नियम वगैरे त्याला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

*

शो पनवेलच्याच एका मंगल कार्यालयात होता. स्टेजवर नवरानवरीच्या खुर्च्या तशाच होत्या, खाली ओळीने पिंजरे. परीक्षक वयस्कर गृहस्थ, पांढरा ॲप्रन, बोलणं कमी. ते बुवापाशी आले तेव्हा मला उभं राहवेना. हरिभाऊंनी माझी पर्स धरून ठेवली, तेवढ्यामुळे मी जागेवर होते.

त्यांनी तुरा पाहिला, डोळे पाहिले, पंख उघडले. बुवा साधूसारखा शांत. "उत्तम ठेवलाय," ते म्हणाले. इरफानभाईंनी मला कोपर मारलं.

मग त्यांनी पाठीवरून उलटा हात फिरवला आणि थांबले. पांढऱ्या पिसांच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका होता.

"इथलं पीस कोणी काढलं?"

मी वाकून पाहिलं. काळं पीस नव्हतं! त्या सकाळी धसक्याने मी बुवाच्या पाठीकडे पाहिलंच नव्हतं. मी इरफानभाईंकडे पाहिलं, त्यांनी कानाला हात लावले. हरिभाऊ माझ्याकडे बघत होते, आणि ती नजर मला सहन होईना. मी नाही, मी नाही, एवढंच मी म्हणत राहिले. परीक्षकांनी मान हलवली आणि मदतनिसाला पिंजऱ्यावर लाल चिठ्ठी लावायला सांगितली, म्हणजे कोंबडा बाद.

तेवढ्यात मागून गर्दीतून श्रीकांत पुढे आला. कधी पिंजऱ्याजवळ न फिरकणारा माणूस, नाकाला रुमाल लावून थेट परीक्षकांसमोर.

"मी काढलं," तो म्हणाला. "आज पहाटे. आठवडाभर झोपली नव्हती हो ही."

श्रीकांतने एकदा त्या लाल चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग शर्टाच्या खिशातून नीट घडी केलेला टिश्यू पेपर काढला, तळहातावर उलगडला आणि त्यातलं ते काळं पीस परीक्षकांसमोर धरून अगदी अदबीने विचारलं,

"परत लावता येईल का?"