रेघ, रंग, चिंध्या आणि पुठ्ठे

लग्न होऊन मी दिल्लीला आले, ती सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत. ऑफिसातून ते एका बाजूनं टाइप केलेले रद्दी कागद घरी आणायचे, सामानाच्या याद्या करायला. दुपारी मुलगी झोपली की मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं समोर दिसेल ते काढत बसायची. कुकर, चपला, खिडकीचे गज. बॉलपेनची रेघ खोडता येत नाही. चुकली की तिच्या शेजारून दुसरी ओढायची. त्यामुळे माझी सगळी भांडी थरथरत असल्यासारखी दिसत. पण मला ती आवडायची.

मुलगी पहाडगंजच्या मराठी शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिच्यासाठी जलरंगांची पेटी आणली. ती दोन दिवसांत कंटाळली आणि पेटी माझ्याकडे आली. मे महिना होता. आकाश रंगवायला घ्यावं तर कुंचला उजवीकडे पोचेपर्यंत डावीकडचा रंग वाळून त्याची कडा उमटलेली. शेवटी मी पाट घेऊन कूलरसमोर बसायला लागले. त्या दमट हवेत कागद जरा वेळ ओला राहायचा. थंडीत उलटं. सकाळचं चित्र संध्याकाळपर्यंत वाळायचं नाही, झाडं आकाशात पसरायची. पहिल्यांदा मी वैतागले. मग बाहेर पाहिलं, तर धुक्यात आमचा कडुनिंब अगदी तसाच दिसत होता. त्यानंतर थंडीत मी मुद्दाम पाणी जास्त घ्यायला लागले.

पुढे तैलरंगांची हौस आली. पण दोन खोल्यांच्या घरात टर्पेंटाइनचा वास जेवणाच्या ताटापर्यंत यायचा.

"अगं, वरणालासुद्धा रंगाचा वास येतोय," यजमान एकदा जेवताना म्हणाले. रागावले नव्हते, पण खोकत होते.

मी सगळं बाल्कनीत हलवलं. तिथे धुळीनं ओल्या रंगावर असा काही थर धरला की यमुनेऐवजी वाळवंट झालं. तैलरंग मी सोडून दिले. फार वाईट वाटलं नाही.

मार्केटमध्ये कपडे बेतून देणारा एक शिंपी होता. त्याच्या मशीनखाली नेहमी चिंध्यांचा ढीग. "ले जाइए आंटी, हमें तो फेंकना ही है," म्हणत त्यानं पिशवी भरून दिली. पुढची कितीतरी वर्षं मी कापडाचे तुकडे चिकटवून चित्रं केली. चौकड्याच्या शर्टाची भिंत, जीन्सचा रस्ता, फुलाफुलांच्या फ्रॉकची बाग.

एका गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये माझी चित्रं लावली, सगळ्या प्रकारची. बघायला आलेले एक गृहस्थ कलेतले जाणकार होते. त्यांनी विचारलं, "ही किती जणांची आहेत?"

"सगळी माझीच."

"मग एक काहीतरी धरा हो. शैली एक पाहिजे. नाहीतर तुमची ओळख कशी पटणार?"

बोलले चांगल्या मनानं, पण मला ते लागलं. घरी येऊन मी ठरवलं, आता फक्त जलरंग. महिनाभर तेच केलं आणि अगदी मरगळ आली. एका संध्याकाळी यजमानांना म्हटलं, "अहो, खरंच माझं म्हणून यात काही नाही का?"

त्यांना चित्रांतलं काही कळत नाही, असं ते स्वतःच सांगतात. चहाचा कप हातात धरून ते भिंतीवरच्या चित्रांसमोरून फिरून आले. "मला एवढंच दिसतं," ते म्हणाले, "प्रत्येकात तू काहीतरी वाळत घातलेलं आहेस."

मी पाहिलं. दोरीवरचे बनियन, गच्चीतले पापड, शेजारच्या पंजाबी आंटींनी लोणच्यासाठी खाटेवर पसरलेले गाजर-शलगमचे काप. कुकरच्या चित्रातही मागे फडकं होतं. मला स्वतःला कधी जाणवलं नव्हतं. मी इतकी हसले की मुलगी आतून धावत आली. दुसऱ्या दिवशी चिंध्यांची पिशवी पुन्हा काढली.

आता आम्ही गुरुग्रामला मुलीच्या सोसायटीत, सोळाव्या मजल्यावर राहतो. तिनं टॅबलेट आणून दिला. "आई, यात चुकलेलं मागे घेता येतं." काही दिवस मी नुसतंच चुकायची आणि मागे घ्यायची, त्याचीच मजा. त्यावर बरीच चित्रं केली, अजूनही करते.

पण या घरात रोज काही ना काही कुरियरनं येतं आणि पुठ्ठ्याचे खोके साठतात. त्यातला एक पाण्यात भिजला, वरचा कागद सुटला आणि आतल्या नागमोडी पट्ट्या उघड्या पडल्या. मला त्यात नांगरलेलं शेत दिसलं. तेव्हापासून मी पुठ्ठा सोलते, कापते, थरावर थर चिकटवते. चाकू चालवून अंगठा दुखतो, तेव्हा यजमान खोके उलगडून सपाट करून देतात.

"आज काय?" ते सकाळी विचारतात.

"समोरचा टॉवर," मी म्हणते. "मोठा खोका लागेल."

ते दारामागे शोधायला जातात.