निळा न झालेला माइक

माझ्या मुलीला गाणी पाठ करावी लागत नाहीत, ती तिला आपोआप चिकटतात. लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डच्या रिंग रोडवर लाल दिव्याला गाडी थांबली आणि रेडिओवर काही लागलं, की पहिल्या दोन सुरांत ती सांगते गाणं कुणाचं, कुठल्या अल्बममधलं, आणि त्या गायिकेचं तेव्हा कुणाशी बिनसलं होतं. मधली कुजबुज पाठ, श्वास कुठे घ्यायचा तेही पाठ. पण मराठी म्हण विचारा, एकीचं डोकं आणि दुसरीचे पाय जोडून ती असं काही ठोकून देते की ऐकणाऱ्याने हात जोडावेत.

मी हे कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. ते लावून घेतलं माझ्या वडिलांनी. तेही त्यांच्या पद्धतीने, म्हणजे कुरकुर न करता काम अंगावर घेऊन.

बाबा नागपूरला पोस्टात होते. पत्रं लावण्यात जन्म गेला. रजिस्टर पत्र पोचलं की सही होऊन परत येणाऱ्या पोचपावतीवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. घरातसुद्धा पोच लागायची. काकूकडे निरोप देऊन आलो की विचारायचे, "पोच?" म्हणजे ती काय म्हणाली ते सांग. आणि बोलणं सगळं म्हणींतून. दूध नासलं तरी म्हण, पाहुणे आले तरी म्हण, मी नापास झाले तेव्हा तर लागोपाठ तीन. लहानपणी मला त्याचा भयंकर राग यायचा. माणसाने सरळ ओरडावं ना.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ते सहा आठवडे आमच्याकडे येऊन राहिले. मी गाडी चालवायची, बाबा शेजारी, आणि मागे लेकीचा कार्यक्रम चालू. एकदा त्यांनी विचारलं, "काय म्हणून राहिली ती?"

"ब्रेकअपचं गाणं आहे, बाबा."

"अकराव्या वर्षी?" ते म्हणाले आणि खिशातून डायरी काढली.

नातीकडून त्यांनी ते गाणं ओळीओळीने लिहून घेतलं, देवनागरीत. रोज पार्कमध्ये बाकावर बसून दोघांची शिकवणी चालायची. जाईपर्यंत त्यांना एक आख्खं कडवं यायला लागलं होतं, अस्सल नागपुरी उच्चारांत, डॅशबोर्डवर ठेका धरून. ती हसून हसून आडवी व्हायची. हीथ्रोला सोडायला निघालो तेव्हा ते मला म्हणाले, "चाल आहे म्हणून डोक्यात राहते, बेटा. आमच्या म्हणींना कोणी चालच लावली नाही."

सप्टेंबरमध्ये ती सेकंडरी शाळेत गेली आणि तिला फोन मिळाला. शाळा घरापासून दहा मिनिटांवर, ती चालत जाते, तरी फोन हवाच होता. बाबांनी नंबर मागून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले. रोज एक म्हण. व्हॉइस मेसेज, दीड-दोन मिनिटांचा. आधी म्हण, मग तिचा अर्थ, मग नागपुरातला कुणाचा तरी किस्सा. सकाळचा चहा झाला की ते बोलायचे, आम्ही तेव्हा झोपेत असायचो. मेसेज लिहायचा असला तर तिच्यासाठी इंग्रजी अक्षरांत लिहायचे, कारण तिला देवनागरी वाचता येत नाही. शनिवारच्या मराठी शाळेत घातली होती, ती तीन शनिवार टिकली.

पहिले काही दिवस तिने ऐकलं. कसं? डबल स्पीडवर. टोस्ट खाताना आजोबा चिमणीसारखे चिवचिवतायत आणि ही खुदखुदतेय. मला संताप आला. म्हटलं, "ते तिकडे एवढं मनापासून बोलतात आणि तू थट्टा करतेस? ऐकायचं तर नीट ऐक, नाहीतर ऐकूच नको."

तिने माझं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तिने ऐकणं बंद केलं.

मग मी जे केलं ते सांगते. आमच्या घरी फोन रात्री किचनमध्ये चार्जिंगला असतात, आणि तिचा पासकोड मला माहीत असणं ही अट होती. माझी सात चाळीसची ट्रेन असते. डबा भरता भरता मी तिचा फोन उचलायची, आजोबांच्या नोटिफिकेशनवर बोट दाबून तिथल्या तिथे उत्तर लिहायची, 'थँक्यू आजोबा', पुढे दोन हृदयं, की झालं. चॅट उघडायची नाही, उघडलं की वेळ जातो. सांगताना मी हे असं सांगते की बाबांना बरं वाटावं म्हणून केलं. तेही होतंच. पण खरं म्हणजे रविवारच्या व्हिडिओ कॉलवर "ती ऐकून राहिली ना?" हा प्रश्न यायला नको होता. प्रश्न आलाच कधी, तर मी म्हणायची, "रोज ऐकते." ती शेजारी बसून मान डोलवायची. हे दीड वर्ष चाललं. मी स्वतः त्यातला एकही मेसेज ऐकला नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी जेवण करून बाबा आडवे झाले ते उठले नाहीत. दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसमध्ये मीटिंगमध्ये होते. मी बाहेर येऊन ऐकलं, परत आत गेले, माझा मुद्दा पूर्ण केला. मग मॅनेजरला सांगितलं. तो बिचारा उभाच राहिला. मला काही वाटत नव्हतं. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग हिरडीवर काहीतरी चाललंय एवढंच कळतं, तसं. मी तिकीट काढलं, शेजारच्या आंटींना फ्रिजमधली भाजी दिली. नागपूरला पोचले तोवर सगळं होऊन गेलं होतं. तेराव्यापर्यंत राहिले. मावश्या माझ्याकडे बघायच्या, मी रडते का ते. एक तर म्हणालीच, "तिकडे राहून माणूस असाच होतो." मला तिचाही राग आला नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी आणि मी बाबांच्या खोलीतल्या चादरी काढत होतो. वहिनी सहज बोलली, "दुपारी जेवायच्या आधी फोन पुढ्यात घेऊनच बसायचे बाबा. तुमच्या लेकीला पाठवलेला माइक निळा झाला का बघायचे."

"कुठला माइक?"

"अहो, आवाज पाठवला की त्याच्यापाशी छोटा माइक दिसते ना. समोरच्याने ऐकला की निळा होते. तोवर करडाच राहते. मलाही त्यांनीच सांगितलं." तिने उशीचा अभ्रा ओढून काढला. "निळा काही व्हायचा नाही. मी म्हटलं, बाबा, पोरगी थँक्यू तर म्हणते रोज. तर नुसते हसायचे. म्हणायचे, थँक्यू आलं, पोच नाही आली."

मी चादरीची घडी केली. चार कोपरे नीट जुळवून केली, हे मला आठवतं.

विमानात मला एवढंच एक दिसत होतं. आयुष्यभर पावत्या बघितलेल्या माणसाला मी पावतीत फसवायला गेले होते. पण माझं जाऊ दे. त्यांना काय वाटलं असेल? रोज न ऐकता रोज थँक्यू लिहिणारी नात. लबाड. तोंडावर मान डोलावणारी. ज्या पोरीने त्यांना बाकावर बसून गाणं शिकवलं, तिला मी माझ्या आळसापायी त्यांच्या नजरेत खोटं पाडलं होतं, आणि ते तसंच मनात घेऊन गेले होते. आता हे कुणाला सांगून दुरुस्त होणार नव्हतं.

परत आल्यावर मी कामाला लागले. ट्रेन, ऑफिस, सेन्सबरीजमधलं सामान, कपडे. लोक 'सॉरी फॉर युअर लॉस' म्हणायचे, मी थँक्यू म्हणायची. थँक्यू म्हणण्यात माझा हात कोण धरणार. लेक गाडीत गात नव्हती. दोन आठवड्यांनी एकदा चुकून गायला लागली आणि माझ्याकडे बघून थांबली. मी म्हटलं, "गा की." तिने नकार दिला. तेव्हा मला वाटलं, हिला तरी सांगायला हवं.

रविवारी दुपारी, बाबांच्या कॉलची वेळ असायची तेव्हा, मी तिला किचनमध्ये बसवलं आणि सगळं सांगितलं. ते थँक्यू मी लिहायची. आजोबांना कळायचं की कुणी ऐकत नाही. त्यांना वाटलं असेल की तू...

"आय न्यू, आई," ती म्हणाली.

"काय न्यू?"

"की तू लिहिते. माझ्या फोनवर आहे ना, मला दिसते. आणि मी कधीच फुल थँक्यू लिहीत नाही. ते हार्ट्सपण खूप ममवाले आहेत." मग हळूच म्हणाली, "तू अँग्री झालेली ना, म्हणून मी परत ऐकला नाही. मग खूप सगळे झाले. मग मला भीती वाटली."

तिने फोन काढला आणि चॅट उघडलं. ती बोटाने वर वर जात राहिली. न ऐकलेले मेसेज एकाखाली एक, संपतच नव्हते. तिने मधलाच एक दाबला. डबल स्पीड काढून साधा केला, हे मी बघितलं.

आधी खोकला. मागे कुकरची शिट्टी. मग बाबांचा आवाज, "हं, तर बेटा," आणि त्यांनी म्हण सांगितली. सांगितली नाही, म्हटली. त्या ब्रेकअपच्या गाण्याच्या चालीवर. शब्द चालीत मावत नव्हते, तर एका ठिकाणी ते दोन अक्षरं गिळून पुढे गेले आणि शेवटची ओळ टेबलावर ठेका धरून ओढत नेली.

"ओ माय गॉड," ती म्हणाली. "आजोबा कोरस करतोय!"

तिने पुढचा लावला. तीच चाल, दुसरी म्हण. तिसऱ्याला ती बरोबर म्हणायला लागली होती. श्वास कुठे घ्यायचा ते तिला माहीत होतंच. मी टेबलाची कड धरून बसले होते. माझ्या आत अजून काही हललं नव्हतं. चांगलं आहे, एवढंच वाटत होतं, आणि याचा आता काय उपयोग.

"आणि हे मध्येमध्ये काय लिहिलंय?" तिने फोन माझ्याकडे वळवला. "मला नाही वाचता येत."

माझ्या प्रत्येक थँक्यूच्या खाली बाबांचं एक उत्तर होतं. देवनागरीत. दुपारी जेवायच्या आधी लिहिलेलं, म्हणजे इथे मी स्टेशनकडे पळत असायची तेव्हाचं. मी चॅट कधी उघडलंच नव्हतं, आणि तिला ती अक्षरं येत नव्हती. मी मोठ्याने वाचलं.

"डबा घेतला का? पळ आता, ट्रेन चुकवू नको."

त्याच्या खालचं, "आज उशीर झाला वाटते. ट्रेन मिळाली का?"

त्याच्या खालचं, "रोज पळत जाऊ नको बेटा, गुडघे जातात."

"पण मी तर वॉक करते ना स्कूलला," लेक म्हणाली. "आजोबाला माहीत होता. मी कुठे ट्रेनने जाते?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे. मग तिने फोन माझ्या हातात दिला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

मी आधी पार वर गेले, मग खाली खाली, दीड वर्ष खाली. रोज एक म्हण तिच्यासाठी, आणि रोज एक ओळ माझ्यासाठी, मला वाचता येईल अशा अक्षरांत. तिला त्यांनी एक दिवसही लबाड मानलं नव्हतं. लबाड कोण, ते त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, आणि त्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं. विचारलं होतं फक्त डब्याचं.

सगळ्यात शेवटी त्या फेब्रुवारीतल्या दिवसाची ओळ होती. आदल्या रविवारी मी त्यांना सांगितलं होतं की प्लॅटफॉर्मवर बर्फ साचतो.

"बर्फ आहे म्हणते तू. ट्रेन चुकली तर चुकू दे. सावकाश जा."

ती मात्र मला मोठ्याने वाचता आली नाही. लेकीने दोनदा विचारलं, काय लिहिलंय, आई, काय लिहिलंय. मला बाबा हवे होते. महिनाभर कुठे गेलं होतं कोण जाणे, ते सगळं त्या किचनमध्ये आलं, आवाजासकट, आणि ती घाबरून माझी पाठ चोळत राहिली.

सोमवारी सकाळी सवयीने माझा हात तिच्या फोनकडे गेला. नोटिफिकेशन नव्हतं. मी पासकोड टाकून चॅट उघडलं, खुर्चीवर बसले आणि सगळ्यात वरचा न ऐकलेला मेसेज लावला. तो संपल्यावर दुसरा. सात चाळीसची ट्रेन गेली. मी तिसरा लावला.