पुसण्याच्या खोक्यातली वेल

कारखान्यात तिला सगळे नक्षीताई म्हणत. इतकी वर्षं म्हणत आले होते की कुठे सही करायची वेळ आली तर स्वतःचंच नाव तिला परक्यासारखं वाटे. चादरी छापायचा छोटासा कारखाना तो. मधोमध लांबलचक टेबल, भिंतीला टेकवलेल्या नक्षी छापायच्या जाळीच्या फ्रेमा, आणि खिडकीजवळ नक्षीताईची खुर्ची. तिथे बसून ती पानं, फुलं, वेली काढी. तिच्या फुलांवर कितीतरी घरं रोज झोपत, पण यातलं चांगलं कोणतं असं कुणी विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं.

तशी वेळच कधी आली नव्हती. थोरले मालक होते तोवर ते काम त्यांचं. नवा नमुना टाकाऊ कापडाच्या तुकड्यावर छापून दोरीला लटकवायचा. थोरले मालक चहाचा कप घेऊन दोरीखालून एक चक्कर मारायचे आणि बोट दाखवायचे. "हे." संपलं. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारायचं नक्षीताईला सुचलं नाही. उरलेले तुकडे पुसण्याच्या खोक्यात जायचे, फ्रेमा नि हात पुसायला.

थोरले मालक गेले. धाकटे मालक दोरीकडे बघायचे, मग तिच्याकडे, आणि म्हणायचे, "ताई, तुम्हीच सांगा. मला सगळी फुलं सारखीच दिसतात."

तिनं आपलं अंदाजानं सांगितलं, आणि त्या चादरी दुकानात तशाच पडून राहिल्या. आता शनिवारी दुकानवाल्या बाई नवे नमुने बघायला येणार होत्या. सगळा माल त्यांच्याकडेच जायचा. धाकट्या मालकांनी तिच्या खुर्चीजवळ येऊन हळूच सांगितलं, "या वेळी जमलं नाही तर मी बाहेरून तयार डिझाइनं घेईन, ताई. तुम्हाला काढणार नाही हं. घड्या घालायला माणूस लागतोच."

मनानं चांगला माणूस, म्हणूनच ते जास्त लागलं.

नक्षीताई कागदांची गुंडाळी घेऊन घरी आली. नवऱ्यानं प्रत्येक कागदाला "छान" म्हटलं. एक कागद उलटा पडला होता, त्यालाही म्हटलं. जावेनं चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला.

"ही पानं आहेत होय? मला वाटलं मिरच्या."

"मिरच्या चादरीवर कशाला काढीन गं मी?"

"ते मला काय माहीत. डोकं तुझं."

त्याच डोक्याची तर पंचाईत होती. काढताना प्रत्येक नक्षी तिला गोड वाटे, आणि सकाळी तीच शिळी दिसे. खरी नजर रात्रीची की सकाळची? संध्याकाळी ती रोजच्यासारखी प्रार्थनेला बसली. देवाला चादरीच्या नक्षीचं विचारावं का, याचाच आधी संकोच. तरी विचारलं. उत्तर आलंच नाही, की आलं आणि आपल्याला कळलं नाही, या घोळात तिची प्रार्थना तेवढी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी ती नुसतीच खुर्चीत बसून होती. समोर रंगकाका फ्रेम पुसत होते. रंग कालवणं आणि छापणं दोन्ही कामं त्यांचीच. त्यांनी खोक्यात हात घातला, एक चिंधी काढली, बघितली, परत टाकली, दुसरी घेतली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तीच चिंधी वर आली आणि तीच परत गेली. नक्षीताई उठून खोक्याशी गेली.

चिंधीवर एक वेल होती. तिचीच. काढता काढता मध्येच फोन आला म्हणून ती उठली होती, आणि फ्रेम करणाऱ्यानं तोवर कागद उचलून नेला होता. वेल वर चढत जाऊन, जिथे फूल यायचं तिथेच थांबलेली. चुकलं म्हणून छापलेला तुकडा तिनं स्वतःच खोक्यात टाकला होता.

गुलाबांना, कमळांना खुशाल हात पुसणारा माणूस हिला हात लावत नव्हता. तिला वाटलं, थोरल्या मालकांचं बोटच खोक्यातून वर आलं.

मग ती त्या वेलीच्या मागेच लागली. थांबलेल्या जागी फूल घातलं, तर वेल मेल्यासारखी झाली. कळी घातली, तर लाडीगोडी केल्यासारखी. दोन्ही खोडून टाकली. जागा रिकामी ठेवली, तर चादरभर भोकं पडल्यासारखं दिसे. शेवटी तिनं शेजारची वेल थोडी खाली सरकवली, आणि तिचं एक पान त्या रिकाम्या जागेत आपोआप येऊन टेकलं. ती बराच वेळ बघत राहिली. दुसऱ्या सकाळी पाहिलं, तर शिळी वाटली नाही. याचाही तिला संशयच आला.

शनिवारी काकांनी त्या वेलीची अख्खी चादर छापली. मोठ्या मनानं नक्षीताई म्हणाली, "काका, तुमच्यामुळे झालं हे. ती चिंधी तुम्ही जपून ठेवलीत."

"कुठली?"

"ही. हिला हात पुसवेना ना तुम्हाला?"

"ती होय." काका हसले. "अस्तराचा तुकडा आहे तो. पाणीच धरत नाही. पुसायला जावं तर रंग नुसता फासतो. टाकीन टाकीन म्हणतो, राहून जातं."

नक्षीताईनं हातातली चिंधी उलटून पाहिली. म्हणजे काकांनी काही निवडलंच नव्हतं. मग तिनं कोणाच्या भरवशावर एवढं केलं? आणि आता चादर समोर आहे ती चांगली, की चांगली मानून बसल्यामुळे चांगली दिसते? विचार करून डोक्याचा पार भुगा झाला, आणि तेवढ्यात बाई आल्या.

सगळे नमुने दोरीला होते. बाईंनी चक्कर मारली, पण बोट कुठेच दाखवलं नाही.

"तुम्ही काढलेत ना? मग तुम्हाला कोणतं वाटतं?"

धाकटे मालक जमिनीकडे बघत होते. नक्षीताईचं बोट वर गेलं. "हे."

"का?"

थोरल्या मालकांना हे कधी कुणी विचारलं नव्हतं. ती गोंधळली, आणि जे घडलं तेच बोलून गेली. "नक्की नाही सांगता येत, बाई. पण त्या बाकीच्यांत काहीही घातलं तरी चालत होतं. अजून एक फूल घाला, दोन काढा, त्यांचं काही म्हणणंच नाही. हिच्यात मी जे घातलं, ते हिनं बाहेर टाकायला लावलं."

बाई त्या टेकलेल्या पानाजवळ थांबल्या. चादरीवरून हात फिरवला. "थोड्याच छापा आधी. खपल्या तर पुढचं बोलू."

त्या गेल्यावर मालक म्हणाले, "ताई, पुढच्या वेळीही अशीच एखादी काढा."

अशी म्हणजे कशी, हे तिला तेव्हाही ठाऊक नव्हतं. तिनं फक्त काकांना सांगितलं, यापुढे प्रत्येक नमुना अस्तराच्या तुकड्यावरच छापायचा.

"आणि मी हात कशाला पुसू?"

"जुने टॉवेल आणून देते घरून."

काका कुरकुरले, पण ऐकलं. आता खोक्यातले नमुने लवकर मळत नाहीत. वर येतात, खाली जातात, पुन्हा वर येतात. नक्षीताई अधूनमधून खोक्याशी उभी राहून ते चाळते. कळत अजूनही काही नाही, पण एखाद्या चिंधीशी हात थोडा जास्त थांबला, की ती तेवढी पिशवीत टाकून घरी नेते. जाऊ विचारते, "आज काय, मिरच्या का?"

"बघू," म्हणते ती. "सकाळी सांगते."