दुपारी धूळ कुठं जाते?

सौर पॅनेल धुणाऱ्या बायकांची टोळी जी चालवते, तिला सगळे तोफ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला ते आवडतं. आम्ही संघटनेवाले माईक लावून जे बोलतो, ते ही बाई नुसत्या एका हाकेत उडवते!

त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये साहेबाने फर्मान सोडलं, "सकाळी ऊन भरपूर, तरी वीज कमी. म्हणजे पॅनेलवर धूळ. उद्यापासून दुसरी टोळी."

मला तर त्याची गचांडीच धरावीशी वाटली. तोफेने मला कोपराने मागे सारलं.

"ऊन भरपूर हे कोण म्हणतं?"

"यंत्र." छपरावर काचेच्या छोट्या घुमटाचं एक यंत्र आहे, ते ऊन मोजतं.

"आणि दुपारी?"

इंजिनीअर मुलीने पडद्यावरचा आलेख सरकवला. "दुपारी उलट आहे, ताई. उन्हाच्या मानाने वीज जास्तच."

"मग आमची धूळ दुपारी काय जेवायला जाते?"

बायका खो खो हसल्या. पण ती मुलगी ताडकन उठली. "अहो, यंत्र कललं असणार! पूर्वेला झुकलं की सकाळचं ऊन जास्त मोजणार, दुपारचं कमी!"

आम्ही सगळे धडाधड शिडी चढलो. यंत्राच्या बुडाशी, गवंड्याच्या पाणसळीत असतो तसा बुडबुडा. तो मधलं वर्तुळ सोडून पश्चिमेच्या, म्हणजे उचललेल्या बाजूच्या कडेला चिकटलेला!

"कुणी हलवलं?" साहेब गरजला.

तोफेचा चेहरा पडला. त्या घुमटाची काच रोज तीच पुसायची. आणि पॅनेल घासतात तसा अंगाचा रेटा देऊन.

"दोष वाऱ्यावर ढकल," मी तिच्या कानात पुटपुटले.

"गप गं! मी केलंय, साहेब. चकचकीत ठेवायच्या नादात वाकडं केलं. पण पॅनेल स्वच्छ आहेत. माझ्या पोरींना हात लावायचा नाही."

साहेबाने मान खाजवली. "सरळ करा. सकाळी बघू."

मुलीने पायाचा स्क्रू फिरवला. तोफ बुडबुड्यावर ओणवी. "ये राजा, ये... अजून... थांब! बसला!"

सकाळी उन्हाची रेघ आणि विजेची रेघ बिलगून वर चढत होत्या. साहेब पडद्याकडे बघत राहिला, मग खिडकीतून ओरडला, "तोफ, तुझी टोळी घे कामाला!"

"साहेब, चार ओळी धुऊन झाल्या," खालून आवाज आला.