कोजागरीचा दुसरा दिवस

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला शरदाचा चंद्र दोन दिवस मिळतो. पौर्णिमेला आपली कोजागरी, गच्चीवर आटवलेलं दूध. दुसऱ्या दिवशी इथल्या लोकांचा चांदनी पडवो. त्या संध्याकाळी अख्खं शहर चटया घेऊन रस्त्याकडेला बसतं आणि तुपानं माखलेली घारी नावाची मिठाई खातं. या जास्तीच्या दिवसानं माझं फार नुकसान केलं. कोजागरी चुकली की मी म्हणायची, "उद्या आहे ना!" आणि उद्या उजाडला की दिवाळीनंतर बघू.

धंदाच तसा. भेस्तानला माझा गाळा आहे. व्यापाऱ्यांकडून साड्या येतात, आमच्या बायका त्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवतात, घडी घालून पिशवीत भरतात. दिवाळीआधी मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे चंद्राला दूध दाखवायचं काम कायम आमच्या ह्यांचं. मी येईपर्यंत त्यावर जाड साय धरलेली असायची, ते पुन्हा गरम करून द्यायचे, मी उभ्या उभ्या पिऊन आडवी व्हायची.

हे बँकेत होते. एक तारखेला पगार, उरेल ते मुदत ठेवीत, रविवारी दुपारी झोप. या माणसाला पैशाची काळजी करताना मी कधी पाहिलं नाही, आणि पैशानं हरखून गेलेलंही पाहिलं नाही. मला त्याचा राग यायचा. सुखी आहात का, असं कुणी विचारलं तर हे "हो" म्हणून पुन्हा पेपरात डोकं घालतील. मला विचारलं तर मी आधी विचारीन, "का हो, काय काम होतं?"

गाळा मी काही पोटासाठी सुरू केला नव्हता. घरात बसून कंटाळा यायचा, एवढंच. पुढे मुलीचं शिक्षण, तिचं लग्न, नाशिकचा फ्लॅट, बरंचसं त्यातूनच झालं. ते मी ऐकवतेही, टोमणे मारण्यात मी कुणाला हार जाणार नाही. पण ते सगळं होऊनही आता वर्षं झाली. पैसा येतो, पैसा जातो, मी मधे उभी. गुडघे बोलतात. एखादं काम अडलं की चिडते आणि सगळं सुरळीत चाललं तर काहीच वाटत नाही. थकवा नुसता कामाचा असता तर रविवारी उतरला असता. माझा रविवारी वाढतो.

गेल्या वर्षी हे निवृत्त झाले. गणपती बोळवून झाल्यावर एका सकाळी चहा घेताना म्हणाले, "दिवाळी झाली की मी नाशिकला राहायला जातोय. तू गाळा बंद करून येणार की इथेच राहणार, ते कोजागरीपर्यंत सांग." आवाज चढवला नाही. आमच्या घरी ते खातं माझ्याकडे आहे.

कोजागरीला मी गाळ्यावरून आले तर दूध फ्रिजमध्ये होतं आणि हे झोपलेले. पहिल्यांदाच माझ्यासाठी जागे राहिले नव्हते. सकाळी मी घाईघाईनं म्हणाले, "आज पडवो आहे. आज बसू. नक्की."

आणि खरंच बसलो. फूटपाथवर चटई टाकली, घारीचा डबा उघडला. शेजारच्या चटईवरच्या कुटुंबानं "लो ने, बेन" करत फरसाणाची मूठ आमच्या ताटात टाकली. बाजारात मंदी होती, त्यांच्या ताटांकडे बघून ते कळायला मार्ग नव्हता. सुरतेच्या माणसांचं मला हे फार आवडतं आणि मला ते कधीच जमलं नाही. मी जेवतानाही मनात माल मोजत असते.

पण त्या दिवशी मी ठरवून आले होते. दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "चला, दोघंही जाऊ. गाळा बंद करते."

ते खायचे थांबले. "खरंच?"

"खरंच."

त्यांचा चेहरा इतका खुलला की मला भरून आलं. पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, गोदाकाठी सकाळी फिरायला जायचं, काय काय बोलत सुटले. लग्नानंतर ते इतकं सलग बोललेले मला आठवत नाहीत.

तेवढ्यात माझा फोन वाजला. माझे हात तुपानं माखलेले, म्हणून त्यांनीच तो उचलून माझ्या कानाला लावला. पलीकडे माझे जुने व्यापारी शेठ, शेजारच्यालाही ऐकू जाईल असा आवाज. लग्नसराईचा माल, भरपूर काम, उद्या सकाळी पहिला टेम्पो पाठवतो म्हणाले. आमच्या बाजारात कागद होत नाही. कारागिरानं "थई जशे" म्हटलं, म्हणजे होऊन जाईल म्हटलं, की सौदा झाला, आणि तो मोडणाऱ्याकडे पुन्हा कुणी फिरकत नाही. मी आजवर एकही मोडलेला नाही.

"थई जशे ने, बेन?" शेठनी विचारलं.

"थई जशे, शेठ," मी म्हणाले. विचार केलाच नाही, तोंडातून गेलं.

फोन ह्यांनीच बंद केला, रुमालानं पुसून चटईवर ठेवला. लग्नसराई म्हणजे उन्हाळ्यापर्यंतचं काम, हे बँकेतल्या माणसालाही कळतं.

"हे शेवटचं," मी म्हणाले. "एवढं उरकलं की येते. शप्पथ."

"शपथ नको. शेठना म्हणालीस ना, तसं मला म्हण. मग मी विश्वास ठेवतो."

टोमणा असता तर मी भांडले असते. पण टोमणा नव्हता. घास हातात तसाच धरून ते माझ्या तोंडाकडे बघत खरोखरच थांबले होते.

रोज कितीदा तरी म्हणते मी ते. त्यांच्याकडे बघून मात्र मला म्हणता आलं नाही.