आईच्या डोळ्यांचा ताबा

माझ्या आईने डोळे दान केले आणि दुसऱ्याच दिवसापासून ते वापरायचं बंद केलं.

यात तिचा काही दोष नव्हता. दोष माझ्या भाषणाचा होता. (आमच्या घरातले बहुतेक दोष माझ्या भाषणांचेच असतात, असं माझी बायको सुनंदा म्हणते.) नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. दादरची खोली सोडून आम्ही नुकतेच सानपाड्याला राहायला आलो होतो. घर आम्हाला सोडतीत लागलं होतं कधीचंच, पण ताबा मिळायला काही वर्षं गेली होती. त्या काळात 'ताबा' हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावाहून जास्त वेळा घेतला जाई. एकदाचा ताबा मिळाला, आम्ही आलो, आणि पहिल्याच पावसाळ्यात भिंतीही पाझरायला लागल्या.

अशा नव्या सोसायटीत माणसाला दोनच उद्योग असतात. एक गळतीची तक्रार आणि दुसरा समाजप्रबोधन. गळती सेक्रेटरींकडे होती. प्रबोधन माझ्याकडे आलं, कारण मी बेलापूरच्या एका कचेरीत परिपत्रकं लिहीत असे आणि त्यामुळे मला मराठी येतं असा सोसायटीत गैरसमज होता.

त्या वर्षी शेजारच्या सोसायटीने रक्तदान शिबिर घेतलं. त्याला वाशीहून फोटोग्राफर आला होता. हे आमच्या कमिटीला फार लागलं. रक्तापेक्षा वरचढ काय देता येईल, यावर तातडीची बैठक झाली. एकाने किडनी सुचवली, तेव्हा त्याच्या बायकोने त्याला दंडाला धरून घरी नेलं. शेवटी डोळ्यांवर एकमत झालं. डोळे मेल्यानंतर द्यायचे असतात, आणि कमिटीत इतक्यात मरायचा कुणाचा विचार नव्हता.

अध्यक्ष म्हणून परशुराम पाटलांना बोलावलं. पाटील सानपाडा गावचे मूळचे. आमची इमारत उभी आहे तिथे एके काळी त्यांचं भाताचं शेत होतं. आता ते रेती-सिमेंटचा धंदा करत, आणि मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर हे सगळं त्यांचंच असल्यामुळे अध्यक्ष दुसरा कुणी करणं परवडण्यासारखं नव्हतं.

आता माझी हुशारी ऐका. लोकांकडून नुसते फॉर्म भरून घ्यायचे ही कल्पना मला फार कोरडी वाटली. फॉर्म काय, माणूस गॅससाठीही भरतो. आपल्याकडे दान म्हटलं की हातावर उदक सोडतात. म्हणून मी घरून तांब्या, पळी आणि ताम्हन घेऊन गेलो. भाषणात गहिवरलो. (माझा मी.) मग लोकांना रांगेत उभं केलं. एकेकाच्या तळहातावर पळीभर पाणी घालायचं, त्याने ते ताम्हनात सोडायचं आणि म्हणायचं, 'माझे नेत्र मी दान केले, न मम.' हे 'न मम' माझं स्वतःचं. फॉर्ममध्ये नव्हतं. पण त्याने असा काही भारदस्तपणा आला की मागच्या रांगेत पत्ते खेळणारेसुद्धा उभे राहिले.

रांगेत सगळ्यांत पुढे आई होती. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि वाशीला ऑपरेशन ठरलं होतं, त्यामुळे तिने हात जरा ताम्हनाच्या बाहेरच धरला होता. मी तो सरकवून आत घेतला. खणखणीत आवाजात ती म्हणाली, "न मम." माझी छाती फुगली.

पाटलांनी मात्र हात पुढे केला नाही. माईक ओढून घेऊन ते म्हणाले, "आमची शेतां गेली, मिठागरां गेली. आता डोले बी नेताव काय?" त्या संध्याकाळचं सगळ्यात छोटं भाषण हेच, आणि टाळ्याही त्यालाच जास्त पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाल्कनीत डोळे मिटून बसलेली. मला वाटलं जप चाललाय. सुनंदाने चहा ठेवला, तर आई कप चाचपडायला लागली आणि तो तिने थेट माझ्या पेपरावर सांडला. डोळे उघड की, म्हटलं. तर म्हणाली, "माझे असते तर उघडले असते."

मी तिला सांगितलं की अगं, ते मेल्यावर द्यायचे असतात. ती म्हणाली की असं तू काल बोलला नाहीस. खरंच बोललो नव्हतो. गहिवराच्या नादात मुद्दा राहून गेला होता.

"पाणी सोडलं, न मम म्हटलं, म्हणजे वस्तू गेली," आई म्हणाली. "भटजींना दिलेलं धोतर उद्या तू नेसशील का?"

मला वाटलं, एखाद दिवस चालेल. पण आईचा स्वभाव असा की उपास धरला तर पारण्याची आठवण दुसऱ्याने करून द्यावी लागते. तिने नियमच केले. डोळे उघडायचे ते न्हाणीघरात जाताना, शेगडीजवळ आणि देवाला नमस्कार करताना. देवाचं दर्शन कसं चालतं, असं विचारलं तर म्हणाली की ज्याला हे डोळे मिळतील त्यालाच त्याचं पुण्य लागेल, आपण मध्ये कुठे येतो? कांदा चिरणं तिने सोडलं, कारण दुसऱ्याच्या डोळ्यांना जाच नको. ते काम माझ्याकडे आलं. तांदूळ निवडणंही सोडलं. ते काम कुणाकडेच आलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी भातातल्या खड्याने माझी दाढ गेली. समाजप्रबोधनाची ती पहिली आहुती.

संध्याकाळची मालिका ती टीव्हीकडे पाठ करून ऐके. पण मालिकेत निम्मा वेळ कुणी बोलत नसे, नुसते एकमेकांकडे बघत. मग आई विचारी, आता काय चाललंय? सुनंदा सांगे, सासू सुनेकडे बघतेय. कशी बघतेय? अशी वाईट. म्हणजे कशी, करून दाखव. तुम्ही डोळे मिटलेत, करून दाखवू कुणाला? या संवादावरून आमच्या घरात खरीच सासू-सून मालिका सुरू व्हायची वेळ आली.

बरं, हे घरात राहतं तरी ठीक. पण आईचा युक्तिवाद जिन्यातून खाली उतरला. सी विंगमधल्या एका गृहस्थांनी डोळे दान केल्याच्या सबबीवर मुलांचा अभ्यास घेणं बंद केलं. त्यांची बायको मला भेटायला आली. तिच्या हातात लाटणं होतं. पोळ्या सोडून तशीच आली होती म्हणाली, पण मी दाराची साखळी काढली नाही.

इथपर्यंत मीही हसत होतो. मग ऑपरेशनचा दिवस जवळ आला आणि आई म्हणाली, "दुसऱ्याच्या वस्तूला चाकू लावायचा? मालकाला विचार आधी."

माझं हसू तिथेच मावळलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की मोतीबिंदू पुरता पिकलाय, आता टाळाटाळ केली तर आत दाब वाढेल आणि तो डोळा कायमचा जाईल. वडील गेल्यावर आईने दादरच्या त्या खोलीत लोकांची पोलकी शिवून मला शिकवलं होतं. ते डोळे माझ्या भाषणापायी जाणार, या विचाराने मी खरोखर घाबरलो.

घाबरलो की मी बोलतो. आईला समोर बसवून मी तासभर समजावलं. ती डोळे मिटून शांतपणे ऐकत होती. शेवटी विचारलं, पटलं का? तिला झोप लागली होती.

मग गुरुजींकडे गेलो. म्हटलं, संकल्प मागे घेता येतो का? त्यांनी विचारलं, उदक सोडलं? सोडलं. न मम म्हटलं? म्हटलं. "मग आता काय उरलं?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी देवळातली घंटा पळवायला आलोय. ही बातमी ऐकून आईला फार समाधान वाटलं.

उरले डॉक्टर. भला माणूस. त्यांनी कागदावर डोळा काढून दाखवला. म्हणाले, आजी, मोतीबिंदू असतो तो आतल्या भिंगात. दान करतात ती पुढची काच. ऑपरेशन झालेल्यांचे डोळे चालतात, चष्मेवाल्यांचेही चालतात. (हे सगळं माहितीपत्रकात होतं. ते मी भाषणाआधी वाटलं होतं, वाचलं नव्हतं.) आईने मन लावून ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे भिंग माझं, काच त्याची. पण भिंगापर्यंत तुम्ही जाणार कुठून? त्याच्याच काचेच्या कडेने ना?" डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं. माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही भाषणं बाहेरगावी करत जा.

दुसऱ्या दिवशी पाटील आपला लाउडस्पीकर न्यायला आले. आई खुर्चीत, डोळे मिटलेले. त्यांनी हळूच मला विचारलं, आईंना बरं नाय काय? मी सगळी हकीकत सांगितली. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. आईच्या समोर लादीवर मांडी घालून बसले.

"आई, ताबा दिलाव काय?"

"कसला ताबा?" आई म्हणाली.

"आमची जमीन सरकारात गेली तवा कागद जाला, सह्या जाल्या. जमीन दुसऱ्याची जाली. पन ताबा घ्यायला सायब आला नाय. तवर भात आमीच लावला, आमीच कापला. खाडीचा बांध फुटला, तो बी आमीच बांधला."

"दुसऱ्याच्या जमिनीचा?"

"मंग कोन बांधनार, सायब? बांध नाय बांधला त खारा पानी शिरतंय. सगली जमीन खारी. मंग ताबा घेनारा काय करल ती घेऊन?"

आईने एक डोळा उघडला, डावा, त्यातल्या त्यात बरा. तो माझ्यावर रोखून म्हणाली, "अरविंदा, आपल्या या घराचंही असंच होतं ना रे? घर आपलं झालं होतं, पण ताबा नव्हता."

"हो ना," मी म्हणालो. पुढे बरंच बोलणार होतो, पण सुनंदाने माझ्या पायावर पाय दिला.

"म्हणजे ताबा देईपर्यंत वापरायचं," आई म्हणाली.

"वापरायचा," पाटील म्हणाले, "आनि राखायचा बी."

"मग डागडुजी आपल्याकडेच आली," असं म्हणून आईने दुसराही डोळा उघडला आणि सुनंदाला सांगितलं, ऑपरेशनला न्यायची पिशवी भर. माझ्या जिवात जीव आला. सरळ स्वयंपाकघरात गेलो आणि कांदा नसतानाही डोळे पुसले.

ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाल्यावर आईने पहिल्यांदा छताच्या कोपऱ्यातली जळमटं पाहिली, मग भिंतीची ओल, मग मला. "तुझे केस कधी गेले?" असं तिने इतक्या काळजीने विचारलं की ऑपरेशन थोडं कमी यशस्वी झालं असतं तरी चाललं असतं, असं मला क्षणभर वाटून गेलं.

पाटील भेटायला आले ते ताजी कोलंबी घेऊन. निघताना दाराशी घुटमळले. म्हणाले, आई, तो तांब्या-पली काढा. "जमीन कोनी मागितली नवती, नेली. ह्यो मागून घेताव. मागतंय त्याला मी नाय म्हननार नाय." हे मात्र माझ्या मनाला फार भिडलं. मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो, सुनंदाने खाली बसवलं. आईने स्वतः त्यांच्या हातावर पाणी घातलं. पाटील म्हणाले, "न मम. पन ताबा मंग."

ताम्हन उचलता उचलता आई थांबली. नव्या नजरेने माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "आणि तुझ्या हातावर कुणी घातलं होतं?"

कुणीच नाही. साऱ्या सोसायटीचे हात ओले झाले होते. पळी माझ्या हातात असल्यामुळे माझाच तेवढा कोरडा राहिला होता. आईने माझा तळहात ओढला, पाणी घातलं, माझ्याकडून न मम म्हणवून घेतलं. मग म्हणाली, "डोळ्यांची घाई नाही, सावकाश नेऊ देत. पण ते लोक जीभ घेतात का, तेवढं विचारून ये."

"जीभ कशाला?"

"तिचा ताबा आजच देऊन टाकू."

डॉक्टरांना मी खरंच विचारलं. ते म्हणाले, इतकी वापरलेली कुणी घेणार नाही.