सगळेच ॲडमिन

शेलूबाजारच्या स्टँडसमोर त्याचं ऑनलाइन सेंटर आहे. बोलता बोलता तो ब्रशने कीबोर्ड झाडत राहतो आणि वाक्य संपलं की "बराबर ना, सर?" विचारतो. उत्तरासाठी मात्र थांबत नाही.

गावातल्या लोकांनी मिळून लिहावं म्हणून आम्ही ब्लॉग काढला. मांडणी त्याने केली आणि लिहिणाऱ्या प्रत्येकाला ॲडमिन करून टाकलं. म्हणजे कोणीही कोणाचाही लेख बदलावा, नाहीतर उडवावा. झालंही तसंच. माझ्या लेखावर कोणाच्या तरी साखरपुड्याचा फोटो चढला.

मी वैतागून म्हटलं, "अरे, ॲडमिन एकच ठेव. बाकीचे नुसते लेखक."

"एकाले खुर्ची अन् बाकीच्याइले सतरंजी? इज्जतीचा सवाल हाये, सर. बराबर ना?"

मग माझ्या लक्षात आलं, की स्वतःला त्याने सगळ्यांच्या खाली ठेवलंय. आमच्यापैकी कोणी मंजुरी दिल्याशिवाय त्याचा लेख लागतच नाही. भांड्यांना कल्हई करणाऱ्या आपल्या अब्बांवर त्याने लिहिलेला लेख तसाच पडून होता.

"हे काहून?" मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

"सारेच मोठे झाले तं कोनी परवानगी विचारनारा पायजे. बराबर ना, सर?"

याला भोळा म्हणावं की आणखी काही, मला कळेना. मी लेख मंजूर केला. संध्याकाळी पाहतो तर गायब.

"कोणी काढला रे?"

"असंन आपल्यातलाच कोनी," तो ब्रश फिरवत म्हणाला. या वेळी "बराबर ना" आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ब्लॉग उघडला. तोच लेख त्याने पुन्हा मंजुरीसाठी पाठवला होता.